बागेत हमिंगबर्ड दिसला? आधी मिशा बघा

पाऊस ओसरायला लागला की दरवर्षी माझ्या मोबाइलवर एकाच प्रकारचे व्हिडिओ यायला लागतात. हात हललेला, फूल धूसर, आणि फुलासमोर हवेतच थरथरत थांबलेलं काहीतरी. यंदाचा पहिला व्हिडिओ पुण्याहून भाच्याने पाठवला. "मावशी, आमच्या गॅलरीत हमिंगबर्ड आलाय! पेंटासवर. आई म्हणते शिंजीर असेल, पण चोच बघ ना केवढी!" मी तो व्हिडिओ पुढे-मागे करून थांबवत थांबवत पाहिला. एका फ्रेममध्ये डोक्यावर दोन मिशा लख्ख दिसल्या. पक्ष्याला मिशा नसतात.

गॅलरीत आलेला पाहुणा पतंग होता. हॉकमॉथ नावाच्या कुळातला, आणि त्या कुळातल्या दिवसाढवळ्या उडणाऱ्या मोजक्या मंडळींपैकी एक. फसल्याचं वाईट वाटून घेण्याचं काहीच कारण नाही. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक 1848 ते 1859 अशी अकरा वर्षं अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात होता. पक्ष्यांचे नमुने गोळा करताना हमिंगबर्ड समजून त्याने अनेकदा असल्या पतंगालाच टिपलं, आणि उडताना दोघांतला फरक ओळखायला बरेच दिवस जावे लागले, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. तिथल्या लोकांची तर खात्रीच होती की एकाचं रूपांतर दुसऱ्यात होतं.

आपल्याला बेट्सइतके दिवस लागणार नाहीत. हातात मोबाइल आहे आणि कुठे बघायचं ते ठाऊक असलं की झालं. मी ज्या क्रमाने बघते तोच क्रम इथे देतेय.

पहिलं काम : तुम्ही कुठे आहात ते आठवा

सगळ्यात सोपी चाळणी भूगोलाची. हमिंगबर्ड हे पक्षी फक्त अमेरिका खंडांत राहतात, उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत. आशिया, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांपैकी कुठेही रानात हमिंगबर्ड नाही. म्हणजे चिपळूण, नागपूर, मडगाव, इंदूर, बेळगाव, कुठेही असा, समोर हमिंगबर्ड असण्याची शक्यता शून्य. मग दोनच पर्याय उरतात : शिंजीर नाहीतर कीटक.

न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना मात्र ही चाळणी लावता येत नाही. तिथे दोन्ही एकाच फुलावर येऊ शकतात. त्यांच्यासाठी पुढे वेगळं लिहिलंय.

दुसरं काम : पक्षी की कीटक, हे आधी नक्की करा

इथे रंगाच्या मागे लागू नका. वेगात फिरणाऱ्या गोष्टीचा रंग डोळा नेहमीच चुकीचा सांगतो. ती गोष्ट फुलाशी वागते कशी, ते बघा.

शिंजीर बसतो. तो फुलासमोर क्षणभर फडफडतो खरा, पण लगेच देठाला, फांदीला किंवा शेजारच्या तारेला धरून बसतो आणि मान वाकडी करून चोच फुलात घालतो. जास्वंदीसारखं मोठं फूल असेल तर पाकळ्यांच्या बुडाशी भोक पाडून मध चोरतो. मधूनमधून त्याचा चिवचिवाट चालूच असतो. आपल्याकडचा जांभळा शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण दहा सेंटिमीटर भरतो. सह्याद्रीतला छोटा शिंजीर आठेक सेंटिमीटरचा.

पतंग बसत नाही. एका फुलासमोर दोन-तीन सेकंद, की पुढच्या फुलासमोर. पेंटासच्या गुच्छातली वीस फुलं तो हिशेब चुकता केल्यासारखा एकेक करून उरकतो आणि एकाही पाकळीला पाय लावत नाही. अंगाची लांबी तुमच्या अंगठ्याच्या वरच्या दोन पेरांएवढी, फार तर. आवाज म्हणाल तर अगदी जवळ गेल्यावर हलकी घूं घूं ऐकू येते, तीही आजूबाजूला शांतता असली तर.

आता मिशा. मी सगळ्यात आधी त्याच शोधते. डोक्यावरून पुढे आणि थोड्या बाहेरच्या बाजूला वळलेल्या दोन काड्या, टोकाकडे जाड होत गेलेल्या आणि अगदी शेवटी बारीकशा आकडीसारख्या वाकलेल्या. फुलपाखराच्या मिशीला टोकाला गाठ असते, तशी ही नसते. व्हिडिओ कितीही वाईट असला तरी एखाद्या फ्रेममध्ये मिशा सापडतातच. त्या सापडल्या की पक्ष्याचा विषय संपला.

तिसरी खूण "चोच". ती चोच नसते, सोंड असते. पतंग एका फुलाकडून दुसऱ्याकडे जाताना नीट बघा : मघाशी सरळ सुईसारखी दिसणारी ती वस्तू टोकाकडून वळते, हनुवटीखाली गुंडाळते, पुढचं फूल आलं की परत उलगडते. चोच कधी गुंडाळत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा कधीच घोटाळा होत नाही, म्हणून मी लहान मुलांना तरी फोटोआधी हेच दाखवते. मॅक्रोग्लॉसम या गटाचं नावच मुळात 'मोठी जीभ' अशा अर्थाचं आहे.

आणि जिला लोक शेपटी म्हणतात, ती पिसं नसतात. पोटाच्या टोकाला केसाळ झुपका असतो. हवेत तोल सांभाळताना तो पंख्यासारखा पसरतो, म्हणून पक्ष्याच्या शेपटीसारखा दिसतो.

तिसरं काम : ओळख पटेल असा व्हिडिओ घ्या

बहुतेकांचं घोडं इथे अडतं. पतंग दिसला की माणूस त्याच्या मागे मोबाइल घेऊन धावतो. धावू नका. तो एकाच झुडपावर पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे झुडपाशी थांबलेल्याला तो जास्त सापडतो. पाच-सहा फुटांवर उभं राहा, एखाद्या न उमललेल्या नव्हे तर पूर्ण उमललेल्या गुच्छावर कॅमेरा आधीच रोखून ठेवा, आणि तो त्या गुच्छाशी यायची वाट बघा. तुमची सावली फुलावर पडू देऊ नका, सावली सरकली की तो उडतो.

फोटोपेक्षा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. त्यामागचं गणित साधं आहे. युरोपातल्या हमिंगबर्ड हॉकमॉथचे पंख सेकंदाला सत्तर ते ऐंशी वेळा हलतात. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला तीस फ्रेम असतात, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात पंख दोनदा-अडीचदा खालीवर होऊन जातात. त्यामुळे पंखांच्या जागी नुसता धूर दिसतो. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन असतो. तो लावला की एका फडफडीच्या तीन फ्रेम मिळतात आणि त्यातल्या एखाद्या फ्रेममध्ये पंख जवळजवळ स्थिर सापडतो. मात्र त्याला भरपूर उजेड लागतो. सकाळचं कोवळं ऊन फुलावर असेल तीच वेळ साधा.

कॅमेरा हाताशी असेल तर शटर 1/2000 किंवा त्याहून वेगवान ठेवा. फ्लॅशची गरज नाही.

कुठल्या बाजूने घ्यायचं? शक्य असेल तर पाठीकडून, जरासं वरून. ओळखायच्या खुणा पोटाच्या वरच्या बाजूला आणि मागच्या पंखांवर असतात, आणि आपण सगळे घेतो बाजूने. बाजूचा व्हिडिओ सुंदर दिसतो पण नुसत्या तेवढ्यावर जात ठरवणं अवघड जातं. बाजूचा एक, पाठीचा एक, एवढे दोन मिळाले तरी पुरे. शिवाय कुठल्या फुलावर, कुठल्या तारखेला, किती वाजता हे लगेच लिहून ठेवा. संध्याकाळपर्यंत वेळ लक्षात राहत नाही.

चौथं काम : पंखातून पलीकडचं दिसतंय का?

महाराष्ट्र-गोव्यात दिवसा उडणारे असे पतंग मुख्यतः दोन गटांतले. दोघांना वेगळं काढायला एकच प्रश्न पुरतो. थांबवलेल्या फ्रेममध्ये पंखातून मागचं पान दिसतंय का?

दिसत असेल तर तो सेफोनोडिस. इंग्रजीत त्याला कॉफी बी हॉकमॉथ किंवा पेल्युसिड हॉकमॉथ म्हणतात, शास्त्रीय नाव सेफोनोडिस हायलस. पंख काचेसारखे स्वच्छ, त्यांत काळसर शिरा, पुढच्या पंखाच्या टोकाला थोडा काळा डाग. पाठ शेवाळी-पिवळसर हिरवी, मऊ लव असलेली, वरून मखमल पांघरल्यासारखी. पोटाच्या मध्यावर तांबूस-तपकिरी पट्टा, करदोटा बांधल्यासारखा. टोकाचा झुपका काळा. लांबून तो एखाद्या मोठ्या पिवळट भुंग्यासारखा वाटतो आणि त्याचा त्याला फायदाच होतो, कारण भुंग्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. याची पिकस नावाची एक बहीण-जातही भारतात आहे आणि ती खूप सारखी दिसते. म्हणून पट्टा नीट दिसेल असा पाठीचा फोटो हवा.

पंख अपारदर्शक, मळकट तपकिरी किंवा काळपट असतील तर तो बहुधा मॅक्रोग्लॉसम. बसला तर सुकलेल्या पानात हरवून जाईल असा. पण उडताना मागचा पंख उघडा पडतो आणि त्यावर पिवळा किंवा नारिंगी पट्टा चमकतो. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिवळे ठिपके असतात आणि टोकाचा झुपका चांगला रुंद पसरतो. हमिंगबर्डचा भास सगळ्यात जास्त हाच देतो.

मॅक्रोग्लॉसमच्या बाबतीत मी एक गोष्ट आग्रहाने सांगते : जातीपर्यंत जायचा हट्ट धरू नका. आपल्याकडे याच्या अनेक जाती आहेत, मागच्या पंखावरच्या पट्ट्याची रुंदी आणि पुढच्या पंखावरच्या पुसट रेषा एवढ्यावर त्या वेगळ्या काढाव्या लागतात, आणि उडत्या पतंगाच्या फोटोत त्या रेषा क्वचितच दिसतात. 'मॅक्रोग्लॉसम, जात ठरली नाही' ही नोंद प्रामाणिक आणि उपयोगी असते. इंटरनेटवर पहिलं चित्र जुळलं म्हणून युरोपातल्या जातीचं नाव रत्नागिरीतल्या पतंगाला चिकटवलेलं मी फार वेळा पाहिलंय. ती जात, मॅक्रोग्लॉसम स्टेलाटॅरम, भारतात हिमालयाच्या बाजूला दिसते. कोकणातल्या पतंगावर ते नाव डोळे मिटून टाकू नये.

दिवेलागणीला आला असेल तर

अंधार पडताना फुलांवर येणारे हॉकमॉथ वेगळे, आणि आकाराने बरेच मोठे. गुलबक्षी संध्याकाळी उमलते, रातराणी आणि निशिगंध अंधार पडता पडता दरवळायला लागतात, ते याच पाहुण्यांसाठी. पोटावर गुलाबी-काळे पट्टे आणि अंगापेक्षाही लांब सोंड असेल तर तो कॉन्व्हॉल्व्युलस हॉकमॉथ. त्याच्या अळ्या रताळ्याच्या वेलावर वाढतात. हिरव्या-गुलाबी संगमरवरासारखी नक्षी असेल तर तो कण्हेरीचा, डॅफ्निस नेरी. हा दिवसा भिंतीवर बसलेला सापडला की लोक वर्तमानपत्राला फोटो पाठवतात, इतका देखणा असतो. पुढच्या पंखावर रुपेरी रेघ आणि मागचा पंख गुलाबी-लाल असेल तर हिपोशन, त्याच्या अळ्या द्राक्षवेलीवर आणि अळूवर सापडतात.

आणि पतंग नसलेलेही काही असतात. काळा-निळा चमकदार भुंगा फुलावर बसतो, त्याची सोंड लांब नसते. निळ्या पट्ट्यांची मधमाशी हवेत थांबते, झपकन बाजूला सरकते, परत थांबते, पण ती जेमतेम सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरची.

अमेरिकेत आणि युरोपात असाल तर

अमेरिकेच्या पूर्व भागात घरामागच्या बागेत खरा हमिंगबर्ड येतोच, माणकासारख्या गळ्याचा रुबी-थ्रोटेड. तिथला त्याचा तोतया म्हणजे हेमारिस. मिशा आणि गुंडाळणारी सोंड या दोन खुणा तिथेही तशाच लागू पडतात. शिवाय त्याचे पंख मध्यभागी पारदर्शक असतात, कडा तांबूस-तपकिरी, पाठ शेवाळी. पाय फिकट असतील तर हेमारिस थिस्बी, पाय काळे आणि अंग पिवळं-काळं असेल तर बहुधा हेमारिस डिफिनिस, जो भुंग्यासारखा दिसतो. बी बाम हे झुडूप लावलं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये त्यापाशी थांबा. पंखांवर पांढऱ्या रेघा आणि मागचा पंख गुलाबी असेल तर तो तिसराच, पांढऱ्या रेघांचा स्फिंक्स, हायलीस लिनिएटा.

इंग्लंडात किंवा जर्मनीत राहणाऱ्यांचं काम सोपं. तिथे हमिंगबर्ड नाहीतच, आणि उन्हाळ्यात लव्हेंडरवर नारिंगी मागच्या पंखांचा जो दिसतो तो मॅक्रोग्लॉसम स्टेलाटॅरम. दरवर्षी दक्षिण युरोपातून उत्तरेकडे उडत येतो.

पाचवं काम : अनंताच्या झाडाखाली बघा

माझ्या मते खरी ओळख इथे पटते, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. पतंग आपल्या बागेत दोन मिनिटं येतो, पण त्याची अळी आठवडे मुक्कामाला असते. उडता पतंग दिसला नाही तरी अळीवरून तो तुमच्याकडे राहतो की नाही ते कळतं.

सेफोनोडिसच्या अळ्या कॉफीच्या कुळातली झाडं खातात. कॉफीच्या मळ्यात त्या कॉफीवर असतात, आपल्या रानात गेळ्यावर, आणि घरच्या बागेत अनंतावर. मॅक्रोग्लॉसमच्या काही जाती त्याच कुळातल्या बारतोंडीवर वाढतात. कारवारला वनाधिकारी असलेले टी. आर. डी. बेल यांनी आपल्या या पश्चिम किनाऱ्यालगतच्या रानांतून अळ्या गोळा करून, वाढवून, कुठली अळी कुठल्या झाडावर आणि तिचा पतंग कुठला याच्या नोंदी केल्या. स्कॉट यांच्यासोबत त्यांनी केलेला हॉकमॉथवरचा खंड 1937 साली प्रसिद्ध झाला, आणि भारतातल्या हॉकमॉथच्या अळ्यांबद्दल आज जे लिहिलं जातं त्याची मुळं बरीचशी तिथे आहेत. पतंगाची ओळख झाडापासून सुरू करायची ही त्यांचीच रीत.

शोधायचं ते असं. अळी डोळ्यांना दिसत नाही, इतकी ती पानाच्या रंगात मिसळते. म्हणून आधी खाली बघा. अनंताच्या खालच्या पानांवर किंवा कुंडीच्या काठावर काळपट-हिरव्या गोळ्या पडलेल्या असतात. एखादी उचलून निरखा : ती नुसती गोल नसते, तिच्यावर उभ्या खाचा असतात, सहा पाकळ्यांच्या कळीसारख्या. ही हॉकमॉथच्या अळीची लेंडी. गोळी जितकी मोठी तितकी अळी मोठी. गोळ्या जिथे पडल्यात त्याच्या सरळ वर नजर न्या. कोवळ्या शेंड्याची पानं मधल्या शिरेपर्यंत कुरतडलेली दिसतील. त्या शिरेला खालून धरून, डोकं थोडं उचलून ती बसलेली असते.

अंग गुळगुळीत, हिरवंगार, केस अजिबात नाहीत. कडेला ओळीने लालसर ठिपके, ती तिची श्वासरंध्रं. आणि शेपटाच्या टोकाला वर वळलेला काटा. हा काटा बघून लोक घाबरतात. तो टोचत नाही, त्यात विष नसतं, अळी चावत नाही, अंगाला खाज सुटत नाही. खाजेचे सुरवंट केसाळ असतात, ते वेगळे.

एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख पूर्ण होणार नाही. बरीच वर्षं मी अनंताला या अळ्या दिसल्या की चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकत असे. एका दुकानदाराने दिलेलं औषधही एकदा फवारलं, दुसऱ्या दिवशी कुंडीखाली सहा अळ्या वाकड्या होऊन पडल्या होत्या. आणि त्याच सुमाराला मी सगळ्यांना विचारत होते, की परसातला तो काचेच्या पंखांचा देखणा पतंग हल्ली का दिसत नाही. दोन्ही एकच आहेत हे मला खूप उशिरा समजलं. आजही त्या सहा अळ्या आठवल्या की जिवाला लागतं.

अनंताचं यात कायमचं नुकसान होत नाही. चांगलं वाढलेलं झुडूप दहा-बारा अळ्या सहज सोसतं, दोन-चार आठवड्यांत नवी पालवी फुटते. झाड अगदी लहान असेल आणि अळ्या बऱ्याच असतील तर दोन ठेवून बाकीच्या मोठ्या अनंतावर किंवा रानातल्या गेळ्यावर नेऊन सोडा. बुलबुल, दयाळ आणि गांधीलमाश्या त्यांतल्या कित्येक उचलतातच. आपण वेगळं मारायची गरज नसते.

सहावं काम : एक अळी वाढवून बघा

जातीची शंभर टक्के खात्री हवी असेल तर याहून चांगला मार्ग नाही. मुलं घरात असतील तर जरूर करा.

मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. तळाशी दोन बोटं माती आणि तिच्यावर सुकलेली पानं. रोज अनंताचा ताजा शेंडा, जुनी पानं आणि लेंड्या काढून टाकायच्या. पानं ओली ठेवू नका, बुरशी येऊन अळी जाते. पाण्याची उघडी बाटलीही आत नको, अळी त्यात पडून बुडते. पानं बाहेरून विकत आणलेल्या झाडाची नसावीत, त्यांच्यावर फवारणी झालेली असते.

एक दिवस अळी खायचं थांबवते, रंग मळकट तपकिरी होतो आणि ती डब्यात सैरावैरा फिरायला लागते. ती आजारी नसते, कोषाला जागा शोधत असते. सुकलेल्या पानांत शिरून चार धागे विणून तिथेच ती कोष करते. त्यानंतर हात लावू नका. मातीवर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा हलका हबका मारा, आणि डब्यात एक खडबडीत काडी तिरकी टेकवून ठेवा. ही काडी विसरलात तर सगळं वाया जातं. बाहेर आलेल्या पतंगाला वर चढून लटकायला जागा मिळाली नाही तर पंख सुरकुतलेलेच वाळतात आणि तो कधीच उडू शकत नाही.

माझ्याकडचा कोष सोळाव्या दिवशी सकाळी फुटला. पतंग काडीवर चढला तेव्हा पंख ओल्या कागदाच्या बोळ्यासारखे होते. अर्ध्या तासात ते खाली सोडून सरळ झाले, आणि मला धक्का बसला : ते पारदर्शक नव्हतेच. पिठात बुडवल्यासारखे राखाडी-पांढरे, अगदी अपारदर्शक. क्षणभर वाटलं अळी ओळखण्यातच माझी चूक झाली. मग उन्हाची तिरीप डब्यावर आली आणि तो थरथरायला लागला, थंडी भरल्यासारखा. उडण्याआधी हे पतंग छातीचे स्नायू असे तापवून घेतात. लोकांना वाटतं तो मरायला टेकलाय. थरथर वाढत गेली, पंखांचा धूर झाला, आणि त्या धुरातून खरोखरची राखाडी भुकटी उडाली. उन्हात ती तरंगताना दिसली. ते पंखांवरचे खवले होते. थरथर थांबली तेव्हा पंख काचेसारखे झाले होते, आणि काडीखालच्या पानांवर बोटाने टिपता येईल इतकी पूड पडली होती.

सेफोनोडिस जन्मतः पारदर्शक नसतो, पहिल्या फडफडीत खवले झाडून तो तसा होतो. म्हणून नुकता बाहेर आलेला, पांढुरक्या पंखांचा पतंग अनंताच्या खोडावर बसलेला सापडला तर गोंधळू नका, पोटाचा पट्टा बघा.

सातवं काम : नोंद करा

आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर खातं उघडून फोटो टाका, ठिकाण आणि तारीख द्या. स्लो मोशन व्हिडिओतल्या चांगल्या फ्रेमचा स्क्रीनशॉटही चालतो. अ‍ॅप स्वतः जे नाव सुचवतं ते तसंच मान्य करू नका, विशेषतः मॅक्रोग्लॉसमच्या बाबतीत. गटाचं नाव देऊन थांबा, जाणकार पुढचं बघतात. जुळवून बघायला मॉथ्स ऑफ इंडिया हे संकेतस्थळ चांगलं आहे, तिथे फोटोंसोबत ते कुठे काढले तेही दिलेलं असतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह साजरा होतो, 2012 पासून. त्या निमित्ताने आपल्याकडेही लोक रात्री पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग बघतात. पण आपले हे दिवसाचे पाहुणे चादरीवर क्वचितच येतात, त्यांच्यासाठी सकाळी फुलांशीच उभं राहावं लागतं.

अळीचा फोटो घेतलात तर तोही टाका, झाडाच्या नावासकट. पतंगांचे फोटो पुष्कळ येतात, 'ही अळी या झाडावर होती' अशा नोंदी फार थोड्या.

आणि पतंग पुन्हा यायला हवे असतील तर पेंटास, सदाफुली, गुलबक्षी लावा. लांब नळीची साधी एकेरी फुलं हवीत, दुहेरी पाकळ्यांच्या कलमी जातींत सोंड घालायला वाटच नसते. झाडांखालचा पालापाचोळा लगेच झाडून जाळू नका, कोष त्यातच असतात. आणि एक अनंत.

भाच्याच्या गॅलरीतल्या पतंगाचे पंख त्या व्हिडिओत धुराचेच राहिले, त्यामुळे तो दोघांपैकी कोण ते मला सांगता आलं नाही. मी त्याला विचारलं, "अनंत आहे का रे जवळपास?" तो म्हणाला, सोसायटीच्या गेटपाशी एक आहे, पण माळ्याने कालच त्याला औषध मारायला काढलंय. तासाभराने त्याचा फोटो आला. गेटजवळच्या कट्ट्यावर, त्याच्या तळहातात, खाचा असलेली एक हिरवी गोळी. खाली लिहिलं होतं : "माळीकाकांना थांबवलंय. आता वर कुठे बघू?"